गळ्याशी येणाऱ्या बाई

या बाई समोरून कधीच येत नाहीत. मानेमागे, जिथे किमोनोची गळपट्टी मणक्यापासून मूठभर सुटी राहायला हवी, नेमक्या तिथे आधी एक बोट लागतं आणि मग "माफ करा हं, जरा..." असं ऐकू येतं. त्यांचा तो 'जरा' फार लांबतो. तो संपेपर्यंत गळपट्टी दोन बोटं खाली ओढलेली असते, कमरेची दुमड सरळ झालेली असते आणि ओबीच्या, म्हणजे कमरपट्ट्याच्या, गाठीत बाईंचा हात मनगटापर्यंत गेलेला असतो. परवानगी मागून होते तोवर काम उरकलेलं असतं. वर "आता किती छान दिसतंय!" हे त्या तुमच्याकडे पाहून म्हणत नाहीत, गाठीकडे पाहून म्हणतात.

जपानी पोरी यांना 'किमोनो पोलीस' म्हणतात. पगार नाही, शिट्टी नाही, पण हद्द होक्काइदोपासून क्यूशूपर्यंत. मोठ्या दुकानांची प्रसाधनगृहं, असाकुसाच्या देवळाकडे जाणारी नाकामिसे गल्ली, काबुकी-झा नाट्यगृहातलं मध्यंतर, क्योतोच्या सिटी बसमधली मागची बाकं ही त्यांची नेहमीची नाकी. वय साठच्या पुढे. अंगावर स्वतःचा किमोनो असा, की त्यावर कुणाला बोट ठेवता येऊ नये: एकरंगी, राखाडीकडे झुकणारा निळा, पाठीवर एकच कुलचिन्ह, ओबीची गाठ ढोलकाच्या आकाराची आणि पायांत आजच घडी मोडलेले पांढरे ताबी मोजे. पिशवीत सेफ्टी पिना, सुई-दोरा, कापडाला लावायचे दोन चिमटे आणि एक जादा दोरी. या वस्तू स्वतःसाठी नसतात, कारण त्यांचं स्वतःचं काही कधी सुटत नाही.

त्यांची नजर पायांपासून वर चढते. ताबीला सुरकुती आहे का? खालची कड घोट्याला टेकते का? दुमड किती बोटं दिसते? ओबीवरच्या दोरीची गाठ मध्यावर आहे का? मग गळा, मग मान. केसांपाशी नजर थांबते. केस हे खातं त्यांच्याकडे नाही.

पहिलं कलम असं, की त्याखाली सापडणाऱ्याने मुकाट गुन्हा कबूल करावा. किमोनोचा डावा पाखा उजव्यावर आला पाहिजे. उजवा वर आला तर तो पोशाख प्रेताचा. हा नियम बाईंनी केलेला नाही. सगळ्या प्रजेने असंच नेसावं अशी राजाज्ञा ७१९ साली निघाली होती. तेराशे वर्षांपूर्वीच्या आज्ञेची अंमलबजावणी एखाद्या रेल्वे फलाटावर चाललेली पाहणं हा एक अनुभवच आहे. पर्यटक पोरगी मेलेल्याच्या वेशात आइस्क्रीम खात उभी असते आणि बाई तिच्याभोवती अस्वस्थपणे घिरट्या घालत असतात.

दुसरं कलम महिन्यांचं. ऑक्टोबर ते मे अस्तराचा किमोनो, जून आणि सप्टेंबरात बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टात जाळीदार, आरपार दिसणारा. हे वेळापत्रक ठरलं तेव्हा मे महिना वसंतात मोडत असे. हल्ली टोकियोत मे महिन्यात पारा तिशीला भिडतो, तरी बाई एकतीस मेपर्यंत अस्तरात असतात. घाम ही त्यांच्या लेखी खाजगी बाब आहे.

तिसरं कलम फुलांचं आणि इथे बाई खरोखर बहरात येतात. किमोनोवरचं फूल बागेतल्या फुलाच्या थोडं आधी यावं लागतं. चेरी फुलण्याच्या सुमाराला तुम्ही चेरी मिरवलीत, तर ती झाडाशी केलेली स्पर्धा. फुलाच्या आधी घालते ती रसिक, फुलाबरोबर घालते ती उद्धट, फुलं गळून गेल्यावर घालते ती गबाळी. क्रिसँथेममला बरीच सूट आहे. लाटांच्या नक्षीला आणि कासवाच्या पाठीसारख्या षट्कोनांना बारमाही परवाना आहे. भांगेच्या पानाची ताऱ्यांसारखी भौमितिक नक्षी तान्ह्या मुलांच्या कपड्यांवर मुद्दाम घालतात, कारण ते रोप सरसर वाढतं. बाणाच्या पिसांची नक्षी नव्या नवरीला देत, कारण सुटलेला बाण परत येत नाही. सासरहून पोरगी परत येऊ नये ही इच्छा इतक्या देखण्या रीतीने कुठल्याच आईबापांनी व्यक्त केली नसेल.

चौथं कलम प्रसंगाचं. आमामी बेटावरचं, चिखलात रंगवलेलं ओशिमा रेशीम किंवा युकी गावचं हाताने कातलेल्या धाग्याचं कापड पुष्कळदा एखाद्या वापरलेल्या मोटारीच्या भावात जातं. युकीचं विणकाम तर २०१० साली युनेस्कोच्या वारसायादीत गेलं. तरी ते नेसून लग्नाला जाता येत नाही. या जातीचं कापड मुळात घरी पडलेल्या, बाजारात न खपणाऱ्या कोषांच्या धाग्याचं, म्हणजे रोजच्या वापराचं. भाव चढला, दर्जा चढला नाही. हे बाई इतक्या शांतपणे सांगतात की ऐकणारीला आपण लग्नाला धोतर नेसून आल्यासारखं वाटावं.

आता या सगळ्या कलमांखाली एकदम सापडेल असा एक जुना, अट्टल आरोपी आहे. त्याचं नाव मेइसेन.

माझ्याकडे एक आहे. जांभळ्या जमिनीवर हातभर लांबीची ट्यूलिप, देठ पिरोजी, पानं लिंबाच्या रंगाची, आणि मधूनमधून कुठल्याही झाडाशी संबंध नसलेले काळे त्रिकोण. हे कापड १९२०-३० च्या दशकांतलं. तेव्हा युरोपातल्या आर्ट देकोच्या कोनांनी आणि गोलांनी जपानी चित्रकारांना झपाटलं होतं, रासायनिक रंग स्वस्त झाले होते आणि टोकियोच्या उत्तर-पश्चिमेकडच्या इसेसाकी, किर्यू, आशिकागा, चिचिबू, हाचिओजी या गावांचे माग खडखडत होते. निर्यातीचं चांगलं रेशीम अमेरिकेला जाई. १९०९ च्या सुमारास कच्च्या रेशमाच्या निर्यातीत जपानने चीनला मागे टाकलं ते त्याच धाग्यावर. मागे उरत ते डागी कोष, आणि दोन किड्यांनी मिळून एकच घर बांधलेले जोडकोष. त्यांचा धागा गाठाळ निघतो, परदेशी गिऱ्हाईक तो घेत नाही. त्या उरलेल्या धाग्यातून मेइसेन निघालं आणि दुकानातली विक्रेती, शाळेतली मास्तरीण, कचेरीतली टंकलेखिका पहिल्यांदा रेशमात आली.

त्याची करामत अशी. मागावर चढवण्याआधी उभे धागे कच्च्या आडव्या धाग्यांनी सैलसर बांधून घेतात. त्यावर साचे ठेवून रंग भरतात. मग खरं विणकाम सुरू होतं आणि विणकर हाताने तो कच्चा धागा उसवत उसवत पक्का भरत जाते. या हलवाहलवीत रंगवलेला उभा धागा केसभर इकडेतिकडे सरकतो. म्हणून मेइसेनवरच्या एकाही फुलाची कड धारदार नसते. प्रत्येक फूल किंचित थरथरतं. आडवा धागा वेगळ्या रंगाचा घातला तर चालताना कापड दोन रंगांत झळकतं. आणि रंग धाग्यातच बसलेला असल्यामुळे चिचिबूच्या मेइसेनला उलट-सुलट बाजू नसते. एक बाजू विटली की उसवायचं, उलटं शिवायचं, आणखी काही वर्षं निघतात. किमोनो सगळा सरळ पट्ट्यांचा. सुमारे बारा मीटर लांब आणि जेमतेम हातभर रुंद अशा एकाच ताग्यातून काढलेला. तो कितीही वेळा उसवून पुन्हा जोडता येतो.

या भडकपणाचं मूळ एका सेनापतीच्या साधेपणात आहे, अशी गोष्ट सांगतात. रशियाविरुद्धच्या युद्धात पोर्ट आर्थर घेणारे जनरल नोगी १९०७ साली गाकुशूइन या सरदारांच्या शाळेचे प्रमुख झाले. मुलींनी शाळेत उंची रेशीम घालून मिरवू नये, साधं मेइसेन घालावं, असं त्यांनी फर्मावलं. तेव्हाचं मेइसेन म्हणजे खरोखरच साधे पट्टे आणि बारीक ठिपके. मुली आज्ञाधारक होत्या. त्यांनी मेइसेनच घातलं; फक्त कापडवाल्यांकडे जास्त रंगीत मेइसेन मागायला सुरुवात केली. कापडवाल्यांनीही शिस्त मोडली नाही. किमोनोच्या इतिहासात एवढा यशस्वी झालेला शिस्तीचा हुकूम दुसरा नसावा.

तर हे मेइसेन नेसून बाहेर पडलं की बाई कुठून तरी उगवतातच. "अगं बाई, किती धीट रंग!" ही सुरुवात. "माझ्या आजीकडे अस्संच होतं," हा मधला भाग. "घरात घालायची," हा शेवट. मग पुरावे गोळा करणं. जुन्या किमोनोंची बाही आखूड असते, कारण तेव्हाच्या बायका ठेंगण्या होत्या. त्यामुळे मनगट उघडं पडतं आणि आतल्या झग्याची बाही खालून डोकावते. कापूर-डांबरगोळीचा वास दोन बाकं पलीकडे पोचतो. अस्तर लालभडक, करडईच्या फुलांनी रंगवलेलं. ते ओलं झालं की लाल रंग शेजारच्या कापडावर उतरतो. बसायच्या जागी रेशीम विरलेलं. बाई हे सगळं एका नजरेत टिपतात आणि फक्त "जुनं आहे, नाही का?" एवढंच म्हणतात. क्योतोच्या बाई असतील तर तेही म्हणत नाहीत. "अशा गोष्टी जपणारी मंडळी अजून आहेत तर!" म्हणतात, आणि आपण दोन दिवस त्याला कौतुक समजून चालतो.

गंमत अशी, की ज्या नियमांनी बाई या मेइसेनला झोडपतात त्यातले निम्मे त्या मेइसेनपेक्षा वयाने लहान आहेत. त्या काळातल्या छायाचित्रांतल्या पोरी पाहा: गळपट्टी सैल, आतली भरतकामाची पट्टी चार बोटं बाहेर, कमरेची दुमड फुगलेली, ओबी मनाला येईल तशी. त्याआधीच्या मेइजी काळातल्या शाळकरी मुली तर हाकामाखाली, म्हणजे किमोनोवरच्या घेरदार चुणीदार वस्त्राखाली, सरळ चामडी बूट घालत. आज एखाद्या पोरीने किमोनोखाली बूट घातले तर बाईंना वाटतं आता जगबुडी आली. युद्धानंतर रोजचा किमोनो सुटला, आयांनी मुलींना नेसवायचं सोडलं, आणि १९६० च्या दशकापासून किमोनो नेसवायचे वर्ग निघाले. वर्ग म्हटला की पुस्तक आलं, परीक्षा आली, बोटांची मापं आली, प्रमाणपत्र आलं. आजीने सवयीने जे कसंही खोचलं होतं त्याची नातीने इयत्ता केली. आमच्या बाई त्या वर्गांच्या पहिल्या नंबराच्या विद्यार्थिनी. त्यांना ती जुनी छायाचित्रं दाखवली तर त्या बारकाईने बघतात आणि म्हणतात, "तेव्हा लोकांना घाई असायची."

खरं तर जपानात किमोनोवर पहारा सरकारनेच बसवून दिला. १८४० च्या दशकातल्या सुधारणांत शहरी व्यापाऱ्यांच्या रेशमावर बंदी आली, तेव्हा ते बाहेरून करडे-तपकिरी झाले आणि चित्रं काढून घेतली अस्तरावर. श्रीमंती उघड करायला सदरा काढावा लागे. १९४० च्या जुलैत चैनीच्या वस्तूंच्या उत्पादनावर आणि विक्रीवर निर्बंध आले. 'चैन हाच शत्रू' अशा पाट्या लागल्या, आणि महिला संघटनांच्या स्वयंसेविका टोकियोतल्या गिंझाच्या कोपऱ्यांवर उभ्या राहून नटलेल्या बायकांच्या हातात समजपत्रं देऊ लागल्या. १९४३ साली तर 'निर्णायक लढाई आहे, बाह्या ताबडतोब कापा' अशी कार्डं वाटली गेली. त्या मानाने आमच्या बाई फार सौम्य. त्यांच्या पिशवीत कात्री नसते, चिमटे असतात.

आपल्याकडे लग्नात पैठणीचा पदर उलटा करून मागची वीण तपासणारी मावशी असते, तिची ही सख्खी बहीण शोभेल. फरक एवढाच, की मावशी किंमत विचारते. बाई विचारत नाहीत. त्यांना ती आधीच कळलेली असते.

त्यांना पाहायचं असेल तर महिन्याच्या २१ तारखेला क्योतोच्या तोजी मंदिराच्या आवारात जावं. देशातल्या सर्वांत उंच लाकडी पॅगोड्याच्या सावलीत त्या दिवशी जुनापुराणा बाजार भरतो आणि ताडपत्रीवर किमोनोंचे ढीग पडतात. कुठलाही उचला, हजार येन. बाई जुना किमोनो विकत घेत नाहीत. "कुणाच्या अंगावरचा, काय माहीत!" पण ढिगापाशी गेल्याशिवाय त्यांना राहवत नाही, आणि ढिगापाशी गेल्या की घडी घातल्याशिवाय राहवत नाही. गुडघे टेकून, शिवण शिवणीवर ठेवून, बाह्या मागेपुढे दुमडून त्या एकेक किमोनो चौकोनी करत जातात. तास-दीड तासात ढिगाचं कपाट होतं. दुकानदार त्यांना 'सेन्सेई', म्हणजे गुरू, म्हणतो, चहा देतो आणि पुढच्या ढिगाकडे हळूच बोट करतो. एवढ्या सन्मानाने फुकट राबवून घेतलेली पोलीस मी दुसरी पाहिलेली नाही.

आणि हात चालू असताना तोंडही चालू असतं. तेव्हा कान द्यावा. "हे इसेसाकी. उभा-आडवा दोन्ही छापलाय, म्हणून कड एवढी नेटकी. हे हाचिओजी असणार. हे युझेन रंगकाम, हातचं. बघा, भाताच्या खळीने ओढलेली रेघ पांढरी राहिलीय. हे साच्याचं, त्या रेघेला जीव नाही." शेजारी बूट-बेरेट घातलेली कॉलेजची पोरगी वितभर गुलाबांचं मेइसेन छातीशी धरून उभी असते. बाई तिच्या हातातून ते घेतात, उजेडात धरतात, मागचं विरलेलं कापड दाखवतात. "बसलीस की फाटेल. याची पिशवी कर. ते दुसरं घे." दुसरं म्हणजे त्याहून भडक. पोरगी चकित होते. मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. रंगावर बाईंचा राग कधी नव्हताच. राग आहे तो बेपर्वाईवर, आणि त्या दोहोंत त्यांची स्वतःचीही कधीकधी गल्लत होते.

घरी त्यांच्या किरी लाकडाच्या कपाटात जाड कागदात गुंडाळलेले किमोनो थरांवर थर पडलेले असतात. ऐन भरभराटीच्या काळात हप्त्यांनी घेतलेले, मुलीच्या लग्नासाठी केलेले, एकदाच घातलेले. मुलगी ओसाकाच्या फ्लॅटमध्ये राहते, तिला एक कपाट जास्त नको आहे. जुने किमोनो घेणारा दारी येतो तेव्हा पुष्कळदा अख्ख्या किमोनोला एका जेवणाचाही भाव देत नाही. बाई त्याला चहा पाजून परत पाठवतात. मग दुसऱ्या दिवशी बाहेर पडतात आणि कुणाची तरी गळपट्टी ओढतात. निदान मला त्या दोन गोष्टींचा संबंध असावासा वाटतो.

परदेशी माणसावर त्या हात टाकत नाहीत. भाड्याच्या पॉलिएस्टरमध्ये, लेस लावलेल्या ओबीत, गळा आवळून चाललेली पाहुणी दिसली की त्या टाळ्या वाजवून "फार सुंदर!" म्हणतात आणि पुढे जातात. सुरुवातीला मलाही सगळे "फार सुंदर!"च म्हणत. मग एकदा फलाटावर माझी ओबी पाठीमागून खस्सकन आवळली गेली आणि मला कळलं की आपल्याला बढती मिळाली. रागावतात ते घरच्यावर.

त्या बाईंनी नंतर विचारलं, कुठल्या तुम्ही? भारतातल्या म्हटल्यावर त्या खुलल्या. "सारासा!" म्हणाल्या. पोर्तुगीज आणि डच जहाजांतून भारताचं छापील सुती कापड जपानात गेलं, चहासमारंभाच्या रसिकांनी त्याच्या तुकड्यांतून भांड्यांच्या पिशव्या शिवल्या आणि त्यावरच्या वेली पुढे किमोनोवर चढल्या, ते हे सारासा. मीही मग उत्साहात येऊन सांगितलं की हाकामासाठी वापरायचं ते 'चाऊ' पट्ट्यांचं तलम रेशीम आमच्या चौलचं, अलिबागजवळचं. पोर्तुगीजांनी ते जपानात नेलं आणि १६८० च्या दशकात क्योतोचे विणकर तसं विणू लागले. आज चौलमध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि रेवदंड्याला पोर्तुगीजांचा पडका कोट आहे, हेही सांगितलं. बाईंनी मान वाकवून सगळं ऐकून घेतलं. क्षणभर विचार केला.

"ते हाकामाचं कापड," त्या म्हणाल्या. "या ओबीबरोबर नाही चालायचं."

तेव्हा जपानात जाऊन जुना रेशमी किमोनो घ्यायचा बेत असेल तर बाहीची लांबी आधी मोजा, बसायची जागा उजेडात धरून पाहा आणि लाल अस्तर असेल तर पाण्याला लावू नका. डावा पाखा वर. एवढं करूनही बाईंनी गाठलंच तर निमूट उभ्या राहा, पैसे-बिसे विचारू नका. विचारायचं तर कापड कुठल्या गावचं ते विचारा. बहुतेक वेळा त्यांना माहीत असतं.